वाघमारे मॅडम आणि उडत्या मोटारी

वाघमारे मॅडमकडे चहाला जायचं तर मन घट्ट करून जावं लागतं. चहा फक्कड असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बशी पुढे ठेवायच्या आधी मॅडम पर्समधून व्हर्नियर काढतात. कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजायला असते ना, ती चिमट्यासारख्या जबड्याची स्टीलची पट्टी, ती. त्या पट्टीत बिस्किट धरतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात आणि म्हणतात, "टॉलरन्समध्ये आहे. खा." एकदा एक बिस्किट मापात बसलं नाही. ते त्यांनी बाजूला काढलं आणि मला म्हणाल्या, "जाधव, हे रिजेक्ट. तुम्ही दुसरं घ्या." मी निमूटपणे दुसरं घेतलं.

एकतीस वर्षं त्या चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. ब्रेकचे भाग तपासायच्या. रिटायर झाल्या, पण तपासणी थांबली नाही. जगातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी तीन प्रकारांत बसतो: ओके, रिवर्क म्हणजे दुरुस्तीला परत, आणि रिजेक्ट. आमच्या चिखलीच्या सोसायटीतली लिफ्ट रिवर्क. सोसायटीचे चेअरमन रिजेक्ट. माझा मेहुणा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या बायकोच्या कानात म्हणाल्या, "रिवर्कमध्ये निघंल." तो बिचारा अजून विचारतो, त्या बाई काय म्हणाल्या होत्या.

बांधा ठेंगणा, कडक इस्त्रीची साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज. मूळच्या परभणीकडच्या, त्यामुळे तिकडची बोली अजून जिभेवर आहे. "काय बघायलात?", "कशाला भ्यायलात?" असं सुरू झालं की समोरचा अर्धा तिथंच गार होतो. मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी वाकडला, चौदाव्या मजल्यावर. ती म्हणते, आई, इकडे ये राहायला. मॅडम म्हणतात, "वाकडला गाड्या निस्त्या पार्क व्हत्यात. मी गाड्या बनत्यात तिथं राहणार."

एका रविवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. मी एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर आहे. माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, हे माझे दोन दोष त्यांना ठाऊक होते. त्यांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. परदेशात कुठंतरी एक मोटार रस्त्यावरून धावत होती आणि मग सरळ उडत होती.

"चाकं मोजलीत का? चार हैत. म्हणजे ही मोटारच. विमान न्हाई."

"बरं मग?"

"मग काय मग! आख्ख्या देशाला गाड्या कोण पुरवतंय? आपण. मग उडत्या मोटारींची पहिली शर्यत कुठं व्हायला पायजे? लिहा अर्ज."

मी लिहिला. विषय: उडत्या मोटारींच्या शर्यतीसाठी सार्वजनिक निधीतून अनुदान मिळणेबाबत. मॅडमनी अर्जाच्या कागदाचा समास व्हर्नियरनं मोजला आणि मला पुन्हा लिहायला लावला.

क्रीडा अनुदानाच्या कचेरीत सानप नावाचे अधिकारी होते. माणूस सज्जन, पण सावध. त्यांनी अर्ज तीनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचला.

"मॅडम, उडत्या मोटारी आहेत कुठं?"

"त्याच्यासाठीच तर शर्यत पायजे. शर्यत असली की गाड्या व्हत्यात."

"पण आमच्या यादीत हा खेळ नाही. कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती, मल्लखांब..."

"शेवटी काय लिहिलंय?"

सानप साहेबांनी यादी उलटी करून पाहिली. "इतर."

"इतरमध्ये टाका."

सानप साहेबांनी त्या शब्दाखाली पेनानं रेघ मारली. यादी तयार करणाऱ्यानं 'इतर' लिहिताना इतकं इतर धरलं नसणार. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं की 'इतर' असेल तर वेगवेगळ्या ठिकाणांहून हरकत नसल्याची पत्रं आणावी लागतील.

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या स्कूटरला कचेऱ्यांचे रस्ते पाठ झाले. आगीचं बघणाऱ्यांनी विचारलं, पेटली तर? विजेचं बघणाऱ्यांनी विचारलं, तारेला लागली तर? झाडांचं बघणाऱ्यांनी पक्ष्यांविषयी लेखी खुलासा मागवला. एका पत्रात प्रश्न आला: सदर मोटारींच्या वाहनतळाची व्यवस्था काय? मॅडमनी मला उत्तर सांगितलं: सदर मोटारी पिशवीत मावतात.

कारण तोवर त्यांनी ठरवलं होतं की पहिली शर्यत छोट्या मोटारींची. वीतभर लांब, चार पंखे, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. नियमावलीही त्यांनीच केली. त्यातला पहिला नियम असा: "चार चाकं असलीच पाहिजेत आणि ती फिरलीच पाहिजेत. चाकं नसतील तर तो ड्रोन. ड्रोनवाल्यांनी आपली शर्यत आपण घ्यावी."

इकडे लोक हसत होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मॅडमच्या फोटोला पंख लावून टाकले. ते चित्र फिरत फिरत वाकडला मुलीच्या ऑफिसात पोचलं. तिचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो. "आई, पुरे ना आता. माझ्या टीममध्ये लोक विचारायलेत." फोन ठेवल्यावर त्यांनी मला त्या चित्राची प्रिंट काढून आणायला सांगितली. मला वाटलं, तक्रार करणार. त्यांनी ती फायलीत लावली आणि खाली शेरा मारला: पंखांचं माप चुकलंय.

खरं सांगायचं तर मीही एकदा कच खाल्ली. कचेरीतून परत येताना म्हणालो, "मॅडम, सोडा ना नाद. कोण देणार आपल्याला पैसे?"

त्या म्हणाल्या, "जाधव, तुम्ही स्टोअरवाले. माणूस जे मागंल ते तुम्ही देता. अन् कुणी मागितलंच न्हाई तर?"

"तर माल पडून राहतो."

"मग मागायचं काम करायला काय लागायलंय?"

मोटार बनवायला मात्र लागत होतं. चिखलीत गल्लोगल्ली शेड आहेत. कुणी पत्रा वाकवतो, कुणी पावडर कोटिंग करतो, कुणी स्प्रिंगा वळवतो. मॅडम शेडमागून शेड हिंडल्या. त्यांची पहिली मोटार स्वयंपाकघरात उडाली ती एक्झॉस्ट फॅनला भेटायला गेली. दुसरी वरणात पडली. तिसरीनं चेअरमनांच्या बाल्कनीतलं तुळशीचं झाड मुंडलं; त्यावर मॅडमचं म्हणणं असं की दिशा चुकली पण वेग ओके होता. सहावी मोटार सोफ्यावरून उठली, टीव्हीसमोर घिरटी घालून फरशीवर अलगद उतरली आणि चार चाकांवर चालत माझ्या पायाशी येऊन थांबली. मी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी तिला तराजूवर ठेवलं, आकडा वाचला आणि मग पहिल्यांदाच मला दोन बिस्किटं न मोजता दिली.

शेवटी समितीसमोर सुनावणी लागली. लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण, टोकाला सानप साहेब घाम पुसत. अध्यक्ष होते खो-खोचे एक जुने खेळाडू, आता सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी फाइल पाहिली. फाइल एव्हाना उशीएवढी झाली होती.

"बाई," ते म्हणाले, "तुमची चिकाटी दिसते. पण लोकांचा पैसा आहे. कल्पनेला अनुदान कसं देणार? दाखवायला काही आहे का?"

मॅडमनी भाजीच्या पिशवीतून मोटार काढली. लाल रंगाची होती. टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "पंखा बंद करा."

शिपायानं पंखा बंद केला. मॅडमच्या हातातला रिमोट मला दिसत होता, त्यांचा अंगठा स्थिर होता. मोटार टेबलावरून सुरसुरत निघाली. एका सदस्याच्या चहाच्या कपाला वळसा घातला, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेपुढे आली आणि तिथून उठली. तिच्या वाऱ्यानं समोरची सगळी कागदपत्रं उडाली. आगीची, विजेची, झाडांची, सगळी हरकत नसलेली पत्रं खोलीभर भिरभिरली. सानप साहेब उड्या मारून ती झेलायला लागले. मोटार त्या कागदांमधून वाट काढत भिंतीपर्यंत गेली, वळली आणि अध्यक्षांच्या समोर, त्यांच्या दोन हातांच्या मधोमध उतरली.

सानप साहेब एका पायावर उभे होते, हातात एक पत्र.

अध्यक्ष मोटारीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा उडवा."

पुन्हा उडवली. मग तिसऱ्यांदा अध्यक्षांनी स्वतः उडवली आणि ती कपाटावर नेऊन बसवली. ती काढायला स्टूल आणलं. चौथ्यांदा डावीकडचे सदस्य म्हणाले, "सर, आमचाही नंबर येऊ द्या की." सुनावणीला दहा मिनिटं होती, आम्ही तासाभरानं बाहेर पडलो. मागितलं होतं त्याच्या मानानं मंजूर झालं ते थोडकं, मंडप, जाळी आणि बक्षिसापुरतं. पण मंजूर झालं. जिन्यात मॅडम थांबल्या, भिंतीला हात टेकला आणि म्हणाल्या, "समिती ओके."

मैदान दिलं नानांनी. नाना म्हणजे इंद्रायणीच्या पलीकडचे जुने शेतकरी. त्यांच्या माळावर बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे धावपट्टी, आहे आणि शर्यतीचं समालोचनही तेच करतात. मॅडम त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते आधी हसले. "बाय, ज्याला शिंगं न्हाईत, शेपूट न्हाई, त्याची कसली आलीय शर्यत?" मॅडमनी मोटार उडवून दाखवली. गोठ्यातला खोंड बुजून मागं सरला. नानांनी खोंडाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय, हिच्यात दम हाय."

आणि मग शर्यतीचा रविवार आला. अकरा संघ होते. चिखलीतले पावडर कोटिंगवाले, तंत्रनिकेतनाची पोरं, एक गॅरेजवाले बापलेक, आणि महाळुंग्याच्या एका कारखान्यात वायरिंग जुळवणाऱ्या तिघी बायका, ज्यांनी आपल्या मोटारीचं नाव ठेवलं होतं 'ओव्हरटाइम'. ट्रॅक मॅडमनीच आखला होता. जाळीच्या आत त्यांनी चाकणचा चौक उभा केला होता: खेळण्यातले कंटेनर, ट्रेलर, रिक्षा, खड्ड्यांसह. मोटारीनं आधी चाकांवर धावायचं, जाम लागला की उठायचं, कंटेनरांवरून उडत पलीकडे उतरायचं आणि पुन्हा धावायचं. प्रेक्षकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ट्रॅक बघितल्याबरोबर मागून कुणीतरी ओरडलं, "अरे हा तर माझा रोजचा रस्ता!"

शर्यतीआधी तपासणी. मॅडम टेबल मांडून बसल्या होत्या, व्हर्नियर आणि तराजू घेऊन. अकरावी मोटार एका पुढाऱ्यानं पाठवलेली होती आणि तो स्वतःच प्रमुख पाहुणा होता. मॅडमनी मोटार तराजूवर ठेवली.

"रिजेक्ट. सात ग्रॅम जास्त."

सानप साहेबांनी डोळे मिटले. मी मंडपाच्या बांबूला धरलं. पाहुणे खुर्चीतून उठून आले. त्यांच्यामागे वीसेक माणसं.

"ताई, सात ग्रॅमनं काय होतंय?"

"साहेब, ब्रेकमध्ये याच्याहून कमीनं माणूस मरतो. मी एकतीस वर्षं कुणाला सोडलं न्हाई."

पाहुण्यांनी मोटारीकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. मग त्यांनी मोटारीच्या टपावरचा चकचकीत स्टिकर नखानं उचकटला. स्टिकरवर पाहुण्यांचाच हात जोडलेला फोटो होता, चांगला जाड, प्लॅस्टिकचा. तो काढून त्यांनी मोटार पुन्हा तराजूवर ठेवली.

"फोटो काढला की बसतंय," त्या म्हणाल्या.

क्षणभर काय होतंय कळेना. मग पाहुणेच पोट धरून हसायला लागले, आणि त्यांच्यामागची वीस माणसंही, परवानगी मिळाल्यासारखी.

शर्यत कशी झाली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ ओरडत होतो. नानांनी माइक धरला होता. "सुटल्या! धावल्या! आला चौक, आला जाम... उठली, उठली, उठली, भिर्रर्र!" पावडर कोटिंगवाले ट्रेलरवर अडकले. गॅरेजवाल्या बापलेकांची मोटार उडाली ती उतरायचं विसरली आणि जाळीला लटकली. पाहुण्यांची मोटार हलकी झाल्यामुळे असेल, झकास चालली, पण खड्ड्यात एक चाक सोडून आली. तीन चाकांची म्हणून बाद. शेवटच्या फेरीत पोरांची मोटार पुढे होती आणि 'ओव्हरटाइम' तिच्या मागे. चौकात दोन्ही एकदम उठल्या. पोरांची उंच गेली. 'ओव्हरटाइम' मात्र कंटेनरांच्या टपांना घासत, खालून, जेमतेम तेवढीच उठून पलीकडे उतरली आणि रेषेकडे धावली.

"ओव्हरटाइम आली! बायांनी मारलं मैदान!" नाना ओरडले आणि सवयीनं भंडाऱ्याची मूठ उधळली. मोटारींचे पंखे अजून चालू होते. भंडारा वाऱ्यावर चढला आणि समिती, पाहुणे, सानप साहेब, सगळे पिवळेजर्द झाले. तिघी बायका मॅडमना मिठी मारून रडत होत्या, एक सारखी म्हणत होती, "मॅडम, आमचं काम ओके ना? ओके ना?" मंडपाच्या टोकाला मॅडमची मुलगी उभी होती. ती वाकडहून कधी आली ते मला कळलंच नव्हतं. ती आपल्या ऑफिसातल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर सांगत होती, "ती बघ, मधली. ती माझी आई." अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं की पुढच्या वर्षीच्या यादीत हा खेळ 'इतर'मध्ये नसेल, नावानिशी असेल.

मुलीला लगेच परत जायचं होतं. संध्याकाळी मॅडम माझ्या स्कूटरवरून निघाल्या. इंद्रायणीच्या पुलावर आलो आणि गाड्या थांबल्या. पुढं काही दिसेना, मागं काही हलेना. मी चरफडलो. "बघा मॅडम, आत्ता आपली मोटार खरी असती तर!"

त्या पलीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. समोरून येणारी रांगही थांबली होती. त्यात कंपनीच्या बस होत्या, खिडक्यांतून निळे गणवेश दिसत होते.

"जाधव," त्या म्हणाल्या, "आमचे हे चाकणलाच होते. दुसऱ्या कंपनीत."

"माहीत आहे."

"पोरगी लहान होती. सकाळी त्यांनी बघायचं, दुपारून मी. म्हणून मी कायम फर्स्ट शिफ्टला, ते कायम सेकंडला. मी पहाटं निघायचे तेव्हा ते झोपलेले. ते रात्री यायचे तेव्हा मी झोपलेली. माझी बस येताना अन् त्यांची जाताना, दोन्हीची गाठ इथं पडायची. ह्या पुलावर."

मी मान वळवून पाहिलं. त्यांच्या भुवयांवर भंडारा होता.

"लोक जामला शिव्या द्यायचे. मी मनात म्हणायचे, आज लागू दे. लागला की खिडकीला खिडकी यायची. काचा बंद, ऐकू तर काय येत न्हाई. मी असं करायचे." त्यांनी पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलात का? "ते डबा वर करून दाखवायचे. तीन मिनिटं, चार मिनिटं. कधी धा. अठरा वर्षं आमचा संसार असाच झाला."

"मग?"

"मग रस्ता मोठा झाला. चांगलंच झालं. बस थांबंचनात. सर्रकन जायच्या, नुसता शर्ट दिसायचा, कुणाचा ते कळायचं न्हाई. तवा मनात यायचं, आपली बस अलगद उचलावी, मधला दुभाजक ओलांडावा अन् त्यांच्या बसच्या शेजारी नेऊन ठेवावी. चार मिनिटांसाठी. अजून काय करायचंय उडून?" त्या थोडं थांबल्या. "गेले तवा रिटायर व्हायला सात महिने होते त्यांना."

मी स्कूटर बंद केली.

पलीकडच्या बसमधला एक पन्नाशीचा कामगार काचेला डोकं टेकून आमच्याकडे बघत होता. पिवळ्या केसांची बाई पाहून त्याला गंमत वाटली असावी, तो हसला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, पाच बोटं जुळवली आणि तोंडाकडे नेली.

तो गोंधळला. इकडं तिकडं पाहिलं, आपल्यालाच विचारतायत का म्हणून. मग त्यानं मान हलवली: जेवलो. आणि हातानंच विचारलं, तुम्ही?

पुढच्या गाड्या हलल्या. मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर सुरू करण्याची घाई केली नाही.